नागपूरचा बोर्ड पळतो

कॅरमच्या स्पर्धेला जाताना खेळाचं म्हणून जे सामान न्यायचं ते मुठीत मावतं. एक स्ट्रायकर, हौस असेल तर दुसरा. बोर्ड आयोजकांचा, सोंगट्या आयोजकांच्या, पावडर त्यांची आणि डोक्यावरचा दिवाही त्यांचाच. त्यामुळे शेजारीपाजारी "कॅरम खेळायला नागपूरला?" असं भुवया उंचावून विचारतात तेव्हा मी एवढंच सांगते, की नागपूरचा बोर्ड डोंबिवलीला येत नाही.

हे उत्तर वाटतं तितकं आगाऊ नाही. आमच्या सोसायटीच्या क्लबरूममधला बोर्ड मला पाठ आहे. समोरच्या डाव्या पॉकेटजवळ फ्रेम जराशी आत आलीय, कडेकडेने सोडलेली सोंगटी तिथे आपसूक आत पडते. उजव्या अंगाला प्लायचा पोत जरा खडबडीत आहे, तिथे फटका थोडा वाढवून मारायचा. अशा बोर्डावर मला फारसं कोणी हरवत नाही आणि त्याचा मला काही उपयोगही नाही. आपला खेळ किती आणि बोर्डाची ओळख किती, हे घरी बसून वेगळं काढता येत नाही. म्हणून जमेल तेव्हा मी बाहेरगावच्या स्पर्धा गाठते. पहिल्या-दुसऱ्या फेरीत घरी जायची तयारी ठेवूनच जाते. घरी या गोष्टीची आता सवय झालीय. नवरा फक्त परतीचं तिकीट कन्फर्म आहे का ते विचारतो.

राज्य मानांकन स्पर्धा असेल तर नावं जिल्हा संघटनेमार्फत जावी लागतात. ही तशी नव्हती. एका मंडळाने भरवलेली खुली स्पर्धा होती, पुरुष एकेरी, महिला एकेरी आणि पुरुष दुहेरी. परिपत्रक व्हॉट्सॅपवरून फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. त्यावर प्रवेश फी, बक्षिसांचे आकडे, कॉलरचा टी-शर्ट सक्तीचा, आणि खाली दोन मोबाईल नंबर. पुरुषांच्या पहिल्या बक्षिसाच्या तुलनेत महिलांचं पहिलं बक्षीस निम्म्याहूनही कमी होतं. हे जवळपास सगळीकडे असंच असतं. कारण विचारलं की "एन्ट्र्या कमी येतात ताई" असं ऐकवतात. एन्ट्र्या कमी का येतात, यावर पुढे कोणी बोलत नाही.

फोन केला तर पलीकडून फार अगत्याने बोलणं झालं. "तुम्ही या तर खरं ताई, राहायचं आपण पाहून घेऊ ना." बाहेरगावी एकटीने खेळायला जाणाऱ्या बायकांना सांगते, या 'पाहून घेऊ'वर विसंबू नका. खोली कुठे, सोबत अजून कोण मुली, बाथरूमला आतून कडी आहे का आणि रात्रीचा शेवटचा सामना किती वाजता संपतो, हे चार प्रश्न फोनवरच विचारून घ्यायचे. समोरचा माणूस गडबडतो, पण त्यामुळे व्यवस्था होते. आमची सोय एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर केली होती. भिंतीला लागून गाद्या, ढिगाने रजया, आणि कडी होती.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. विदर्भ एक्स्प्रेसने रात्र काढली, बडनेऱ्याला जाग आली ती थंडीने, आणि मग झोप लागलीच नाही. जानेवारीत मुंबईकडच्या माणसाकडे स्वेटर असतो तो शोभेचा. नागपूरला उतरल्यावर स्टेशनवरून मेट्रोची अ‍ॅक्वा लाईन पकडली आणि चितार ओळीला उतरले. मूर्तिकारांची ही ओळ. गणपती-देवीचा हंगाम नसतानाही दारात गवताचे सांगाडे आणि अर्धवट मातीचे हात उभे होते. कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्री पोहा घेतला. पोह्यावर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतली की पहिल्या दोन घासांत कान गरम होतात. सकाळच्या त्या गारठ्यात याहून चांगला नाश्ता मला सुचत नाही. गाडीवाल्याने हातातली पिशवी पाहून विचारलं, "ताई, लग्नाला येऊन राहिल्या का?" कॅरमला म्हटल्यावर तो म्हणाला, "मग तर्री कमी घ्या. हात थरथरते." तसं काही होत नाही, पण मी दुसरी तर्री घेतली नाही.

हॉल महाल भागात होता, चालत दहा मिनिटांवर. दारातच तो आवाज आला. पंधरा-वीस बोर्डांवर एकाच वेळी सोंगट्या आपटत असतात आणि माणसं मात्र गप्प असतात, असा हा एकच खेळ मला ठाऊक आहे. प्रत्येक स्टँडवर बोर्ड, त्यावर खाली ओढलेला शेड लावलेला दिवा, दोन खुर्च्या समोरासमोर आणि बाजूला पंचाची एक. हवेत बोरिक पावडर. थोड्या वेळाने ती ओठांवर जाणवायला लागते.

भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्याचा तक्ता, भिंतीवर चिकटवलेली होती. मला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली होती. ऐकायला बरं वाटतं, पण परक्या गावात ही पुढे चाल म्हणजे नुकसान. बाकीच्यांचा एक सामना खेळून हात बसतो आणि आपण थेट दुसऱ्या फेरीत थंड हाताने बसतो. म्हणून मागच्या रिकाम्या बोर्डावर सराव करायची परवानगी मागितली आणि तिथे पहिल्याच फटक्यात नागपूर समजलं.

माझा रोजचा, बेताच्या ताकदीचा फटका मारला. स्ट्रायकर समोरच्या फ्रेमवर गेला, परत माझ्या बेसलाइनपर्यंत आला, माझ्या बाजूच्या फ्रेमला लागून पुन्हा निघाला आणि मधल्या वर्तुळापाशी जाऊन थांबला. घरी एवढ्या फटक्यात तो परतीच्या वाटेवरच दम टाकतो. कॅरमच्या नियमात बोर्डाची एक चाचणी आहे: पंधरा ग्रॅमचा गुळगुळीत स्ट्रायकर पूर्ण ताकदीने मारला तर तो किमान साडेतीन वेळा आरपार फिरला पाहिजे. हे बोर्ड ती चाचणी हसत पास झाले असते.

कारण साधं आहे. बोर्ड म्हणजे प्लाय, आणि लाकूड हवेतलं पाणी पितं. आमच्याकडे जुलैत बोर्ड इतका जड होतो की खेळायच्या आधी अर्धा तास शंभरचा बल्ब खाली ओढून तापवावा लागतो, आणि पावडरची भुकटी न राहता गुठळ्या होतात. थंडीतसुद्धा खाडीची ओल पुरती जात नाही. नागपूरच्या हिवाळ्यात हवेत ओल औषधालाही नसते. प्लाय ठणठणीत, पावडर मोकळी, सोंगट्याही सुक्या. बोर्ड पळतो.

आणि पळणाऱ्या बोर्डावर ताकद अंगाशी येते. जड बोर्डावर सोंगटी जोरात मारली आणि चुकली तर ती पॉकेटच्या आसपास कुठेतरी पडून राहते, पुढच्या डावाला कामी येते. इथे चुकलेली सोंगटी फ्रेमवर आपटून थेट प्रतिस्पर्ध्याच्या हाताशी जाते, वर त्याची अडकलेली सोंगटी मोकळी करून जाते. इथे सगळा खेळ टचचा. कट बारीक घ्यायचा, बोट जेमतेम सुटू द्यायचं, आणि स्ट्रायकर कुठे थांबेल याचा विचार सोंगटीच्याही आधी करायचा. मी सरावाला बसले तेव्हा शेजारच्या बोर्डावरची एक शाळकरी मुलगी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "काकू, तुम्ही लय जोरात मारून राहिल्या." तिला म्हटलं, आमच्याकडे लागतं तेवढं. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

दुपारी माझा सामना लागला तो वर्ध्याच्या एका काकूंशी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. नियमाप्रमाणे कॉलरचा टी-शर्ट होता, पण तो साडीवर, आणि टी-शर्टवर हातविणीचा स्वेटर. चष्म्याला दोरी. पंचाने सोंगटी मुठीत लपवून रंग विचारला, काकूंनी बरोबर ओळखला आणि ब्रेक, म्हणजे पहिला फटका, न घेता बाजू बदलून मागितली. माझ्या पाठीमागे दार होतं आणि तिकडून गार वारा त्यांच्या तोंडावर येत होता. आता तो माझ्या तोंडावर येणार होता. अनुभव म्हणतात तो हा.

ब्रेक माझा, म्हणजे पांढऱ्या माझ्या. पहिल्या बोर्डात (एका डावालाही बोर्डच म्हणतात) मी चार सोंगट्या सरळ काढल्या आणि मग मला कळलं की काकूंना सोंगट्या काढण्याची घाईच नाही. त्यांनी एक काळी अगदी हलक्या हाताने ढकलली आणि माझ्या हक्काच्या पॉकेटच्या तोंडावर नेऊन बसवली. मग दुसरी दुसऱ्या पॉकेटच्या तोंडावर. त्यांना त्या हव्या तेव्हा टाकता येणार होत्या. मला मात्र त्या दोन्ही पॉकेटांत काही घालायचं तर आधी त्यांचीच सोंगटी आत जाणार. आमच्याकडच्या जड बोर्डावर असं नाजूक ढकलणं फारसं चालत नाही, सोंगटी मध्येच थांबते. इथे बोर्डच सोंगटी वाहून नेत होता, आणि काकूंना तो किती नेईल याचा बोटभर अंदाज होता.

काकू प्रत्येक फटक्याआधी स्ट्रायकर बेसलाइनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून बघायच्या. फटका पंधरा सेकंदांत मारावा लागतो. पंचाने एकदा "टाइम" म्हटलं, तेव्हा काकूंनी चष्म्यावरून त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगा बहुतेक त्यांच्याच शाळेतला असावा. पण त्या वेळेच्या आत मारत होत्या, चौदाव्या सेकंदाला.

मीही मग त्यांच्यासारखं खेळायचं ठरवलं. दुसरा इलाज नव्हता. जोर काढून घेतला आणि अंगठ्याचे फटके वाढवले, कारण मागच्या सोंगट्या अंगठ्याने हलक्या निघतात. गेम पंचवीस गुणांचा, पण दोघींनीही तेवढे गाठले नाहीत. अशा वेळी आठ बोर्ड झाले की ज्याचे गुण जास्त त्याचा गेम. पहिला मी एकोणीस-बारा घेतला, दुसरा एकवीस-सतरा, तोही शेवटच्या बोर्डात राणी माझ्याकडे आली म्हणून. सामना संपेपर्यंत शेजारच्या बोर्डावर दोन सामने उरकून तिसरा सुरू झाला होता.

हात मिळवताना काकूंनी माझा हात उलटा करून पाहिला. पहिल्या बोटाच्या कडेची, नखाजवळची कातडी कोरड्या थंडीने उलली होती आणि चिरेत पांढरी पावडर भरली होती. त्या म्हणाल्या, "कोकमाचं तेल लावा रात्री. खोबरेल नाही कामाचं, ते इथं थिजून बसते. कोकम तर तुमच्याच इकडचं ना?" कोकणातलं कोकमतेल नागपूरला येऊन वर्ध्याच्या बाईने मला सांगायचं होतं. त्यांच्या पर्समध्ये पांढरी वडी होती, नखाने खरवडून मला दिली. रात्री लावलं. सकाळी धुवून टाकायचं, बोटाला तेल राहिलं तर स्ट्रायकर निसटतो.

पुढचा सामना चंद्रपूरकडच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका मुलीशी. पंचवीस-चार, पंचवीस-नऊ. कोण जिंकलं ते सांगायला नको. ती छान खेळली, आणि त्या बोर्डावर तिला माझ्यापेक्षा दुप्पट दिसत होतं.

रात्री गाद्यांवर बसून मुलींचं बोलणं नोकरीवर आलं. कॅरमकडे पालक गंभीरपणे बघतात ते एकाच कारणाने. राष्ट्रीय स्पर्धांत पेट्रोलियम कंपन्यांचा, रिझर्व्ह बँकेचा, एलआयसीचा असे संघ उतरतात आणि चांगल्या खेळाडूंना तिथे नोकऱ्या मिळालेल्या आहेत. यवतमाळची एक मुलगी मोबाईलवर काझिमाचा सामना दाखवत होती. चेन्नईच्या रिक्षाचालकाची ही मुलगी, २०२४ साली अमेरिकेत झालेल्या वर्ल्ड कपमध्ये तिने तीन सुवर्णपदकं घेतली. चेन्नई कॅरमचं जुनं गाव. मारिया इरुदयमही तिथलेच, १९९६ चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे पहिले कॅरमपटू. आंतरराष्ट्रीय फेडरेशनही १९८८ मध्ये तिथेच स्थापन झालं. मुलींना इरुदयम हे नाव माहीत नव्हतं. काझिमाचा प्रत्येक फटका मात्र त्या थांबवून, मागे नेऊन पुन्हा बघत होत्या. मध्यरात्री खालच्या लॉनवर कुणाच्या तरी लग्नाचा डीजे सुरू झाला आणि व्यवस्थेतली ती एक गोष्ट फोनवर विचारायची राहून गेली होती असं लक्षात आलं.

हरल्यावर खरं तर गाडीपर्यंतचा वेळ मोकळा होता. फुटाळा तलावावर जाऊन यावं असं मनात होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य पंच हॉलभर फिरत होते, "कोणी पंच म्हणून बसता का?" स्थानिक पंचांपैकी दोघं आले नव्हते. "ताई, सात नंबरवर बसता? पुरुषांची उपांत्यपूर्व आहे." मी बसले. आणि फुटाळा पुन्हा केव्हातरी.

प्रेक्षकांच्या खुर्चीतून कॅरम अर्धाच दिसतो. खेळाडूच्या पाठीमागून बघितलं तर हात आडवा येतो, समोरून बघितलं तर दिव्याचा शेड. पंचाची खुर्ची बोर्डाला लागून असते आणि तुम्हाला सोंगटीकडे नाही, स्ट्रायकर ठेवण्याकडे बघायचं असतं. तो दोन्ही बेसलाइनना टेकलाय का, टोकाला ठेवला असेल तर लाल गोल पूर्ण झाकलाय का, कारण एकतर पूर्ण झाका नाहीतर शिवू नका. हात बाणाच्या पलीकडे गेला का. कोपर कुठे आहे. एवढं बारीक बघायचं म्हटलं की खेळाडू फटक्याआधी बोटाने काय करतो ते सगळं दिसायला लागतं, आणि हे दुसरीकडे कुठेही फुकट शिकायला मिळत नाही.

एकीकडे होते मुंबईचे एक नोकरदार खेळाडू, चाळिशीतले, नाव घेतलं तर कॅरमवाले ओळखतील म्हणून घेत नाही. दुसरीकडे इथल्याच मोमिनपुऱ्यातला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. त्याच्या पाठीशी त्याच्या गल्लीतले डझनभर मित्र उभे होते, त्यांना मी दोनदा मागे सरकवलं. दोघांचे स्ट्रायकर तपासले. मुंबईकरांचा जुना, कडा गुळगुळीत झालेला. पोराचा नवाकोरा पारदर्शक, आत कसलीतरी चमकी.

पहिल्याच गेममध्ये मुंबईकरांनी ब्रेक केला आणि हात थांबलाच नाही. ब्रेकला दोन पांढऱ्या गेल्या. तिसरी कट. चौथी कडेची, फ्रेमला घासत. मग राणी, आणि तिला कव्हर म्हणून, म्हणजे राणी पक्की करायला लगेच घ्यावी लागणारी आपली सोंगटी म्हणून, अशी सोंगटी घेतली की स्ट्रायकर परतताना दोन काळ्यांमध्ये अडकलेली पांढरी मोकळी करून आला. बोलणं सगळं बंद झालं होतं. शेवटची पांढरी एका काळीला चिकटून फ्रेमवर होती. सरळ मारली असती तर काळीही सोबत गेली असती. त्यांनी स्ट्रायकर बेसलाइनच्या अगदी डाव्या टोकाला, लाल गोल पूर्ण झाकून ठेवला, दोनदा उचलून पुन्हा ठेवला, समोरच्या फ्रेमवरून रिबाउंड घेतला आणि परत येणाऱ्या स्ट्रायकरने पांढरीला मागून नखभर स्पर्श केला. ती काळीपासून सुटली, घरंगळत गेली आणि पॉकेटच्या तोंडावर क्षणभर रेंगाळून आत पडली. व्हाईट स्लॅम. नऊ काळ्या बोर्डावर तशाच, राणीचे तीन, बारा गुण. पोराचा स्ट्रायकर अजून त्याच्या मुठीतच होता. "क्या बात है अंकल," तो म्हणाला आणि सोंगट्या लावायला लागला. गुणपत्रिकेवर बारा लिहिताना माझं अक्षर वाकडं आलं ते अजून तसंच असेल.

तो गेम पंचवीस-आठने गेला. दुसरा पोराने पंचवीस-चौदाने घेतला. तिसरा गेम मात्र मला अजून तोंडपाठ आहे.

सात बोर्डांनंतर पोरगा बावीस, मुंबईकर सतरा. आठवा बोर्ड शेवटचा. इथे नियम सांगायला हवा, नाहीतर पुढची मजा कळणार नाही. जो बोर्ड जिंकतो त्याला समोरच्याच्या उरलेल्या सोंगट्यांचे गुण मिळतात, आणि राणी त्याने घेतलेली असेल तर वर तीन. पण बावीस गुण झाले की राणीचे गुण बंद. म्हणजे पोराला राणीचा आता शून्य उपयोग. मुंबईकरांना जिंकायला सहा हवे होते. राणी मिळाली तर पोराच्या तीन सोंगट्या उरल्या तरी पुरे. नाही मिळाली तर पूर्ण सहा उरायला हव्यात, आणि इतक्या सोंगट्या त्या पोराने उरू दिल्या नसत्या.

ब्रेक मुंबईकरांचा होता. ते चार काढून थांबले, राणीचा कोन अजून नीट मिळत नव्हता. पोराने दोन काळ्या काढल्या, तिसरी समोर अगदी सोपी होती, पॉकेटपासून वीतभर. ती सोडून तो राणीला गेला. मागे त्याच्या मित्रांत चुळबूळ झाली. एक जण दबक्या आवाजात म्हणाला, "अबे, कायले राणी घेऊन राहिला हा? याले तर भेटतच नाही तिचे." माझ्या मागून ओळखीचा आवाज आला. वर्ध्याच्या काकू घरी गेल्याच नव्हत्या. "याले नाही भेटत. पण त्याले भेटू देऊन राहिला का तो?" मी मागे न बघता बोट ओठांवर ठेवलं, पंच म्हणून.

राणी गेली. त्या सोप्या काळीने तिला कव्हर केलं. पुढची एक गेली आणि त्यानंतरची चुकली. मुंबईकरांनी मग उरलेल्या पाचही एका हातात काढल्या, एकेक करून, जराही घाई न करता, जणू काही उरलंच नव्हतं. शेवटची आत गेल्यावर त्यांनी स्वतःच बोर्डाकडे बोट केलं. पोराच्या पाच काळ्या होत्या. सतरा आणि पाच बावीस. बावीस-बावीस.

बरोबरी झाली की एक जादा बोर्ड. राणीचे तीन असते तर पंचवीस होऊन सामना तिथेच संपला असता. पोराने ती घेतली म्हणून तो अजून खुर्चीत होता. जादा बोर्डात तो सात काळ्या काढून थांबला, मुंबईकरांची एक सोपी कट पॉकेटच्या कोपऱ्याला लागून परत फिरली, आणि पोराने उरलेल्या दोन टाकल्या. मित्रांनी त्याला खुर्चीसकट उचललं. मुंबईकर गुणपत्रिकेवर सही करताना मला म्हणाले, "राणी बघितलीत ना? मी त्याच्या वयात सोपी सोंगटी सोडली नसती." सही करून स्ट्रायकर खिशात टाकला आणि चहाला गेले.

मी त्यानंतर अजून दोन सामन्यांना पंच म्हणून बसले. जेवणाला काकूंनी सोबत आणलेल्या पोळ्या आणि तिळाची चटणी मला जबरदस्तीने वाढली. मानधन म्हणून मुख्य पंचांनी एक पाकीट दिलं, त्यात जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं सुटलं. आम्ही दोघींनी आयोजकांना गाठून महिला दुहेरी ठेवा असं सांगितलं. त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं, एन्ट्र्या येत नाहीत. काकू म्हणाल्या, "ही एक लिहून घ्या," आणि स्वतःचं नि माझं नाव आयोजकांच्याच वहीत लिहवून घेतलं. फी पुढच्या वर्षी.

अंतिम सामना रात्री उशिरा होता, माझी गाडी त्याआधीची. निकाल गाडीत, भुसावळच्या आसपास रेंज आल्यावर कळला. मोमिनपुऱ्याचा पोरगा अंतिम फेरीत पोहोचलाच नव्हता. उपांत्य फेरीत पळत्या बोर्डावर त्याचाच चमकीवाला स्ट्रायकर दोनदा पॉकेटमध्ये गेला, दोन्ही वेळा सोंगटी परत ठेवावी लागली, आणि पुण्याच्या एकाने त्याला दोन सरळ गेममध्ये काढलं.